वाशावरची काठी

होडी किनाऱ्याला लागली आणि सगळ्यांच्या आधी देव उतरला. म्हणजे माझा थोरला भाऊ गुरुदास, आमचा भाई, उतरला, कमरेच्या पट्ट्यात तरंगाचं बूड रोवून, गुडघाभर पाण्यातून, एकेक पाऊल चाचपत. तरंग म्हणजे आमच्या गावदेवाचा उंच खांब. वर चांदीचा मुखवटा, खाली एकावर एक गुंडाळलेली लुगडी. त्यात वारा भरला की ती शिडासारखी फुगतात आणि धरणाऱ्याचा जीव काढतात. खाडीवर वारा होताच. भाईला मधेच थांबून तरंग सावरताना मी पाहिलं. माझ्या शेजारी बसलेल्या कावेरीवहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, पाहिलं नाही. ती मागे वळून दुसऱ्या होडीतून शंकरभाऊ कसा उतरतो ते बघत होती.

"लंगडता," ती म्हणाली.

"कोण?"

"गप रव. बघ, डावो पाय चोरता."

शंकरभाऊ आमचा चुलतभाऊ. अंगाने पैलवान, मिशी राखलेला. भाईच्या मागोमाग चालायचं, एवढंच त्याचं त्या दिवशीचं काम होतं. भाई कुठे डगमगला तर झेलायला. झेलायला म्हणजे काय ते सगळ्या गावाला माहीत होतं.

सन एकोणसाठची महाशिवरात्र ती. देवाने कौल दिला होता म्हणून त्या वर्षी आमचा देव तीर्थस्नानाला कुणकेश्वराला निघाला होता. आमचा गाव आचऱ्याच्या अलीकडे. पहाटे देवळातून निघून एवढ्यात निम्मी वाट झाली होती आणि पुढे वाळू, मग तापलेला कातळ, आणि शेवटी तो चढ. ढोल पुढे, देव मधे, बायका मागे. वहिनीच्या काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. वाटेत एकदोघींनी विचारलंही, "छत्री कित्याक गो, पाऊस येतलो काय?" वहिनी नुसती हसली. ती छत्री नव्हती. ती शंकरभाऊच्या घरची काठी होती. ती काठी आमच्या घरात कशी आली ते सांगते, म्हणजे त्या हिवाळ्यात आमच्या घरात काय चाललं होतं ते कळेल.

आदल्या पावसाळ्यात भाईला मुदतीचा ताप आला. वाचला, पण अंगावर कातडं तेवढं राहिलं. आमच्या घरात तरंग उचलायचा मान बापापासून मुलाकडे आलेला. दसऱ्याला देव सोनं लुटायला निघाले तेव्हा "नको उचलू" म्हणून मी भाईला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. आपट्याच्या झाडाशी पोचेपर्यंत त्याचे गुडघे गेले. तरंग कलला. शंकरभाऊने झडप घालून तो सावरला, देव भुईला लागू दिला नाही. हे त्याने बरंच केलं, मी नाही म्हणत नाही. पण सावरून झाल्यावर तो भाईकडे बघून सगळ्यांसमोर हसला, आणि म्हणाला, "गुरुदासा, तू आता पेज खा आणि पडवीत बसान रव."

त्याच संध्याकाळी त्याची बायको सरला आमच्या अंगणात आली. हातात काठी. ही काठी आमच्या आजोबांची, पितळी टोपणाची, वाटणीत त्यांच्या घरी गेलेली. भावकीतलं शेंबडं पोरसुद्धा ती ओळखेल. सरला म्हणाली, "वयनी, भावजींका लागतली म्हणान आणलंय. आमच्याकडे अशीच पडान आसा."

वहिनीने काठी घेतली. "बस गो, च्या घे," असंही म्हणाली. सरला गेल्यावर तिने स्टुलावर चढून ती काठी चुलीच्या वरच्या वाशाला टांगली. धुराने काळी होईल, मी म्हटलं. ती म्हणाली, "होवंदे. परत करतलंय तेव्हा पुसान देतलंय."

वहिनी रेडीची. तिचा बाप बंदरावर खनिजाच्या पाट्या उचलायचा. सरला आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन आमच्या भावकीत आल्या. हळदीच्या दिवशी सरला म्हणाली होती, "हिका कितीय हळद लावा, रेडयेची तांबडी माती काय जावची नाय." ते वाक्य वहिनीने सांभाळून ठेवलं होतं. सोमवार ती कधी चुकवायची नाही, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट घ्यायची नाही, भिकाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायची नाही. आणि कोणाला माफही करायची नाही. दोन्ही एकाच माणसात कसं राहतं, असं मला पहिल्यांदा वाटायचं. मग सवय झाली.

दसऱ्यानंतर गावचे मानकरी देवळात बसले. शंकरभाऊचं म्हणणं, मान आता आमच्या घराला द्या. बराच काथ्याकूट झाला. ठरलं ते असं: शिवरात्रीला देव कुणकेश्वराला जाईल. गुरुदासाने देवळापासून तिथल्या समुद्रापर्यंत तरंग न्यायचा. ठरल्या जागी टेकून विसावा घेतला तर चालेल, पण दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. नेला तर मान त्याच्या घरी. वाटेत "धर रे" म्हणाला तर मान शंकरच्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या. परतीच्या वाटेवर मग कोणीही घ्यावा.

भाई घरी आला आणि म्हणाला, "संपला."

वहिनी म्हणाली, "सुरू झाला."

तिने वाडीतली एक वठलेली पोफळ पाडून घेतली, तरंगाएवढा खांब काढला, आणि त्याला आपलं एक जुनं लुगडं गुंडाळलं. विहिरीवर नेऊन ते भिजवलं. वारा भरल्यावर तरंग जेवढा ओढतो तेवढं ओलं लुगडं जड होतं, हा तिचा हिशोब. रोज पहाटे हा खांब कमरेच्या पट्ट्यात धरून वाळूतून देवबावीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या टोकाच्या देवाच्या विहिरीपर्यंत, जायचं आणि परत यायचं. अनवाणी. देवासोबत कोणी चपला घालून चालत नाही, तेव्हा तळवेही आतापासूनच तयार व्हायला हवेत. सण आला की एक लुगडं वाढायचं. देवदिवाळीला दुसरं, चंपाषष्ठीला तिसरं.

आमच्याकडची थंडी ती काय, देशावरचा माणूस हसेल. पण मार्गशीर्षात पहाटे मतलई वारा सुटतो, कातळावर दंव साचतं, आणि आमचा माणूस कांबळ्यात जो शिरतो तो पेजेच्या वासानेच बाहेर येतो. त्या वेळी उठायचं, आणि उठून अंगाशी ओलं लुगडं धरायचं! पहिले दिवस भाई जोरात गेला. मग एक दिवस म्हणाला छातीत कफ वाटतो. एक दिवस म्हणाला आज मळभ आहे. एक दिवस नुसताच कूस बदलून झोपला.

त्या दिवशी वहिनीने वाशावरची काठी काढली आणि कांबळं उचलून त्याच्या शेजारी निजवली.

"ह्या काय?" भाई दचकून उठला.

"निजा निजा. आता हिच्याच कुशीत निजाचा आसा. माझी काय गरज?"

असे तिचे उपाय. न्हाणीतला जाळ तो परत आल्याशिवाय ती पेटवायची नाही. पेजेचं झाकण तो उंबऱ्यात दिसल्याशिवाय उघडायची नाही. भाई थकून टेकला की शंकरभाऊसारखं हसून दाखवायची, हुबेहूब, मिशीला हात लावून. आणि स्वतः चालायची. मागून नाही, पुढून, काखेत भरलेली घागर घेऊन. "मी मागे रवलंय तर तुमी थांबतलात," ती म्हणायची, "फुडे रवलंय तर लाजेन् येतलात." मी गावच्या शाळेत शिकवायचे; शाळा भरायच्या आधी मीही कधी कधी जायचे त्यांच्याबरोबर. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं लांब जाळं, ओढणारे गडी ओरडायचे, "गुरुदासा, लुगडी वाळत घालूक खंय जातंस रे?" भाई खाली मान घालायचा. वहिनी म्हणायची, "आयकलात? आता आणखी थोडा फुडे जावया."

एकदा मी तिला म्हटलं, "वहिनी, देवाचं काम आहे. मनात एवढं विष ठेवून करू नये."

घागर या काखेतून त्या काखेत घेत ती म्हणाली, "वन्सं, देवाक काय कळणा नाय? मी तेका सांगूनच करतंय. लपवन कायएक करूक नाय."

 मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत चालू लागले.

संक्रांतीनंतर खरा घोळ झाला. लुगडी वाढली होती, थंडीने नेमका तेव्हाच जोर धरला होता, आणि भाईचा खांदा सुजला. दोन दिवस निजून राहिला, तिसऱ्या दिवशी पडल्या पडल्याच म्हणाला, "कावेरी, देवंदे तो मान शंकराक. तो काय परको आसा? देव देवच रवतलो. आपला काय जाता?"

मी वाट पाहिली, आता ही काठी काढणार. तिने नाही काढली.  चुलीपुढे बसून राहिली. तोंडावर जाळाचा उजेड, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ही रडते आहे. धूर असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीवर गेले तर खांब जागेवर नव्हता. भाई कांबळ्यात. मी तशीच किनाऱ्याकडे धावले. वहिनी वाळूतून चालली होती, लुगड्याचा काष्टा मारलेला, भाईचा पट्टा कमरेला, आणि तो ओला खांब दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. खऱ्या तरंगाला बाई हात लावत नाही. पण ही पोफळ होती आणि लुगडी तिचीच होती, तेव्हा कोण काय बोलणार? बोलले मात्र सगळे. रापणीचा दोर सोडून गडी उभे राहिले. कोणीतरी शिटी घातली. "गुरुदासाची बायल तरंग नाचयता रे!" ओरडा ऐकून शंकरभाऊ माडांतून बाहेर आला, खांद्यावर पंचा. पोट धरून हसला. "सरलाक सांगतंय," तो म्हणाला, "आता तुमच्याकडे दोन काठये लागतले!"

वहिनी थांबली नाही. पाय वाळूत रुतत होते, दोनदा ती गुडघ्यावर आली, खांब पडू दिला नाही. देवबावीपर्यंत गेली. वळली तेव्हा समोर भाई उभा. अंगावर कांबळं तसंच, पाय अनवाणी. गावात ओरडा पोचला होता.

"दी हय," तो म्हणाला.

"कित्याक? तुमी निजा."

"दी म्हणतंय ना!"

तिने खांब दिला. भाई कांबळं वाळूत टाकून चालू लागला आणि शंकरभाऊच्या समोरून, अगदी हाताच्या अंतरावरून गेला. त्यानंतर शिवरात्रीपर्यंत त्याला उठवायची पाळी कोणावर आली नाही. मला वाटतं त्या दिवसापासून सूड फक्त वहिनीचा राहिला नाही. रथसप्तमीला शेवटचं लुगडं खांबाला गेलं आणि वहिनी नेसत्या लुगड्यावर आली. रात्री धुवायची, पहाटे अर्धं ओलंच नेसायची.

शंकरभाऊने त्या हिवाळ्यात काय केलं? काही नाही. कशाला करायचं? तो ताकदीचा, भाई तापातून उठलेला. थंडीत शेकोटीपाशी बसून तो लोकांना सांगायचा, "गुरुदास चढार पोचलो की बोलावतलो माका."

शिवरात्रीच्या पहाटे देवळात गाऱ्हाणं झालं. जाणत्या मानकऱ्याने देवापुढे उभं राहून एकेक मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणून त्याला साथ द्यायची, अशी आमची रीत. "बा देवा, वाटेत कोणाच्या पायात काटो मोडू देव नको!" "होय महाराजा!" वहिनीचा आवाज सगळ्यांत मोठा. "कोणाच्या मनात कोणाबद्दल वाकडा आसात, तर ता सरळ कर!" "होय महाराजा!" या वेळी मला शेजारून आवाज आला नाही. मी बघितलं. वहिनीने ओठ घट्ट मिटले होते. देवापुढे ती खोटं बोलत नसे.

तर आता खाडीपलीकडची वाट. वाळू संपली, कातळ लागला. ऊन डोक्यावर. भाईचे तळवे हिवाळाभर दंवातून, वाळूतून, कातळावरून तयार झालेले. चटका त्याला जाणवत नसावा. बाकीच्यांचे हाल होते. शंकरभाऊ कुठे गवताची कड दिसली की तिथून चालायचा, आणि कोणी बघितलं की छाती काढून मधे यायचा.

चढाच्या पायथ्याशी विसावा झाला. मग ढोल पुन्हा सुरू झाले आणि भाई चढू लागला. अर्ध्यावर समुद्रावरून वारा आला. लुगडी फुगली, मुखवटा मागे झुकला, आणि भाई थांबला. पाऊल उचलेना. पाठीवरचा सदरा घामाने काळा. ढोल आपोआप बंद पडले. शंकरभाऊ पुढे सरकला आणि त्याने दोन्ही हात पसरले.

"बोल रे," तो म्हणाला. आवाजात मायाच होती म्हणा. "बोल, गुरुदासा. लाज कसली? धरतंय मी."

भाईने तोंड उघडलं. मी डोळे मिटले. कुणकेश्वरा, म्हटलं, तुझ्या दारात आलो.

तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. वहिनी बायकांतून वाट काढत पुढे गेली, तरंगापासून हातभर दूर, भाईच्या समोर चढावर जाऊन उभी राहिली. काखेतलं गुंडाळं सोडलं. पितळी टोपण उन्हात चमकलं. सगळ्या भावकीने काठी ओळखली.

"अवो," ती शांतपणे म्हणाली, घरात पेज वाढताना हवी का विचारावं तसं, "काठी आणलंय. व्हयी काय?"

 भाईने काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. इतक्या रागाने कोणी बायकोकडे बघितलेलं मी पाहिलं नाही. त्याच्या तोंडून "धर रे" निघालं नाही, एक हुंकार निघाला. आणि पाऊल उचललं. वहिनी उलटी, मागे मागे चढत गेली, काठी त्याच्यापुढे धरून. तो तिच्या अंगावर चाल करून जावं तसा चढत गेला. वर कुणकेश्वराचा कळस दिसला तेव्हा ढोलवाल्यांना भान आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमावास्येचं तीर्थस्नान झालं. गावोगावचे देव समुद्रात उतरले. आमचा देव भाईच्या हातात होता. मानकऱ्यांनी त्याच्या खांद्यावर शेला घातला, मान कोणाचा ते तिथेच बोलून झालं. वहिनी गुडघाभर लाटांत उभी होती. तिने हात जोडले, पण तिचे डोळे किनाऱ्यावर काहीतरी शोधत होते.

शंकरभाऊ खडकावर बसला होता. तळव्यांची सालपटं निघाली होती आणि खारं पाणी लागलं की तो ओठ चावत होता. परतीची वाट तेवढीच लांब. सरला बायकाबायकांतून फिरत होती. "कोणाकडे काठी आसा गो? ह्यांका उभ्यान् रवाक येना नाय." कोणाकडे नव्हती. देवासोबत निघालेला माणूस काठी कशाला घेईल? आमच्याकडे येताना ती वळून दुसरीकडे गेली. मग परत आली आणि वहिनीकडे न बघता मला म्हणाली, "वन्सं, खंय मिळात तर बघतंस?" आणि नवऱ्याकडे निघून गेली.

वहिनी पाण्यातून बाहेर आली. काठी वाळूवर, तिच्या गाठोड्याखाली होती. ती तिने काढली, ओल्या पदराने सावकाश पुसली. चुलीची काजळी निघाली, आजोबांचं लाकूड पुन्हा तांबूस दिसू लागलं. मग काठीवरून सोडलेलं जुनं लुगडं घेतलं, पोफळीला पहिल्या दिवशी गुंडाळलं होतं तेच, आणि दातांनी फाडून त्याची एक चिंधी काठीच्या मुठीला बांधली. गाठ घट्ट आवळली.

"वन्सं," ती म्हणाली, "तू न्हेवन दी. माझ्या हातान् गेली तर लोक म्हणतले कावेरीन् माफ केल्यान, आणि माका माफ करुचा नाय. एकट्याक बघून देव नको हां, चारचौघांत दी. शाळेत पोरांक सांगतंस तसा, मोठ्या आवाजान् सांग. म्हणाचा, तुमचीच आसा, दसऱ्याक आमच्याकडे इलेली. शेजाऱ्याचा भांडा रिकामा परत धाडू नये, म्हणान वयनीन् आपल्या लुगड्याचो तुकडो बांधून दिल्यान हा."